आयर्विन पुलाचे फूट आणि कोयनेचे क्युसेक : कृष्णेत उतरण्याआधी नेमके काय पाहावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. सांगलीत कृष्णेच्या घाटावर सकाळी पोहणाऱ्यांचा आमचा जुना गट आहे. अलीकडे त्यात कयाक चालवणारी काही तरुण मुले आली आहेत, त्यामुळे आता आम्ही घाटापुरते न राहता नदीत बरेच वरपर्यंत जातो. पाणी गढूळ दिसले की उतरायचे नाही, हा जुन्या मंडळींचा नियम आम्ही आजवर पाळत आलो. मुले लांब जाऊ लागल्यापासून मात्र एवढ्या नियमावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत मी तीन गोष्टी नियमित पाहू लागलो आहे : आयर्विन पुलाजवळची पातळी, कोयना धरणातून सोडलेला विसर्ग आणि केंद्रीय जल आयोगाच्या पूर अंदाजाच्या संकेतस्थळावरील आकडे. अडचण अशी की या तिन्हींचा मेळ लागत नाही. एकदा कोयनेचा विसर्ग कमी केल्याची बातमी होती, तरी आयर्विनची पातळी दिवसभर चढत राहिली. आणि पातळी वाढलेली असूनही घाटासमोरचे पाणी जवळजवळ थांबल्यासारखे दिसत होते. पुढे पातळी उतरू लागली, तेव्हा उलट धारेला ओढ फार जाणवली. पातळी कमी झाली की नदी सौम्य होते, ही माझी समजूत तिथेच डळमळली. शिवाय आयर्विनचे आकडे फुटांत, आयोगाचे मीटरमध्ये आणि धरणाचे क्युसेकमध्ये असतात.

माझे प्रश्न असे : या आकड्यांतून पोहणाऱ्याने किंवा कयाक चालवणाऱ्याने नेमका कोणता अर्थ काढावा? पातळी महत्त्वाची की विसर्ग? आणि चाळीस फुटांच्या इशारा पातळीच्या किती खाली असताना पाण्यात उतरणे सुरक्षित मानावे?

निवृत्त जलमापक

आपण नोंदवलेला अनुभव अगदी बरोबर आहे आणि त्याचे कारण सांगलीच्या भूगोलात आहे. सांगलीच्या थोडे खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि त्याही खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. चांदोली धरणाच्या पाणलोटात जोराचा पाऊस होऊन वारणा भरून आली की संगमावर कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही. मग ते मागे फुगते आणि आयर्विनजवळची पातळी चढते, जरी त्या वेळी कोयनेतून येणारे पाणी कमी झालेले असले तरी. फुगवट्याच्या पाण्याला खोली असते पण वेग नसतो, म्हणून ते आपल्याला थांबल्यासारखे दिसले. वारणा ओसरू लागली की तोच साठा मोकळा होऊन वाहू लागतो. पातळी उतरते आणि वेग वाढतो. त्यामुळे सांगलीत नुसत्या आयर्विनच्या आकड्यावरून प्रवाहाचा जोर कधीच ठरवता येत नाही. हरिपूरच्या संगमावर वारणेची स्थिती काय आहे, हे त्याच वेळी पाहावे लागते. समडोळीला वारणेवर जल आयोगाचे केंद्र आहे, त्याची नोंद आयर्विनच्या शेजारी लिहीत चला.

पातळी आणि विसर्ग यांचा संबंध कसा बसवतात, हे थोडे सांगतो, कारण ते समजल्यावर आकडे वाचण्याची पद्धतच बदलते. नदीतून सेकंदाला किती पाणी जाते हे पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर थेट वाचता येत नाही. पात्राचा छेद भागाभागांत विभागून प्रत्येक भागाची खोली आणि वेग मोजतात, वेग मोजायला धारामापक यंत्र वापरतात आणि त्यावरून एकूण विसर्ग काढतात. अशी मोजमापे वेगवेगळ्या पातळ्यांना वर्षानुवर्षे घेतली की पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो. त्यानंतर रोज फक्त पातळी वाचून आलेखावरून विसर्ग सांगितला जातो. म्हणजे आपण वाचतो त्या विसर्गाच्या आकड्यामागे पुष्कळदा पातळीचेच वाचन असते आणि जिथे फुगवटा येतो तिथे तो आलेख फसतो. आणखी एक बाब, फुगवटा नसतो तिथली : पाणी चढत असताना आणि उतरत असताना पट्टीवरचा आकडा एकच असला तरी चढत्या पाण्यात विसर्ग आणि वेग सामान्यतः जास्त असतो, कारण पुराच्या पुढच्या बाजूला पाण्याचा उतार अधिक तीव्र असतो. म्हणून आकड्याइतकेच त्याची दिशा पाहणे आवश्यक आहे. पोहणाऱ्यांसाठी मी तर म्हणेन की आधी दिशा पाहावी आणि मग आकडा. चढत्या पाण्यात झाडांचे ओंडके, जलपर्णीचे पुंजके आणि काठावरून सुटून आलेल्या वस्तूही असतात, हे वेगळेच.

फूट आणि मीटर यांचा गोंधळ शून्याच्या फरकामुळे होतो. आयर्विनजवळचे फूट स्थानिक शून्यापासून मोजलेले आहेत. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, ही त्या पट्टीची भाषा आहे. जल आयोगाचे आकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे असतात. दोन्ही बरोबर असतात, पण त्यांची वजाबाकी करून काही निष्पन्न होत नाही. रायगड जिल्ह्याचे पावसाळी पत्रक पाहिलेत तर हे लगेच पटेल : महाडला सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर लिहिलेली असते आणि कर्जतजवळ उल्हासची ४८.७७ मीटर. यावरून उल्हास सावित्रीपेक्षा सातपट खोल आहे असे कोणी म्हणणार नाही.

विसर्गाच्या एककाचे सांगायचे तर एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. कोयनेच्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटे चालू असली की २,१०० क्युसेक पाणी नदीपात्रात येते, म्हणजे सेकंदाला साधारण ६० घनमीटर. पावसाळा संपल्यावर नदीत जे पाणी दिसते त्यात या विसर्गाचा मोठा वाटा असतो. धरणाचे वक्र दरवाजे उघडल्यावर हाच आकडा हजारांच्या पटीत वाढतो. धरणातून सुटलेले पाणी सांगलीला यायला साधारण एक दिवस लागतो आणि नदी आधीच भरलेली असेल तर त्यात बदल होतो. म्हणजे आज सकाळी विसर्ग वाढवल्याची बातमी वाचून आज सकाळच्याच नदीबद्दल निष्कर्ष काढू नये. तो उद्याच्या सकाळसाठी काढावा. विसर्ग घटवल्याच्या बातमीलाही हेच लागू आहे. तीही एक दिवस उशिराच सांगलीला पोहोचते आणि मधल्या काळात कराडपासून खालच्या ओढ्यांचे व येरळा नदीचे पाणी त्यात मिसळलेले असते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. चाळीस फुटांची पातळी ही नदीकाठची घरे आणि रस्ते यांच्यासाठी आहे. प्रशासनाने स्थलांतराची तयारी कधी करावी, हे ठरवण्यासाठी ती आखलेली आहे. पोहणाऱ्याला ती कोणतेही अभय देत नाही. चाळीसच्या कितीतरी खाली, काठोकाठही न भरलेल्या नदीत, धारेचा वेग माणसाच्या पोहण्याच्या वेगाच्या पलीकडे गेलेला असू शकतो.

पंचगंगा घाट (कोल्हापूर)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका असे आकडे आहेत आणि आमच्याकडेही अनेक जण ३९ला पोहोचेपर्यंत सारे ठीक आहे असे मानतात. पंचगंगा पात्राबाहेर पडली की घाटावर ती पाहायला गर्दी होते आणि त्या गर्दीसमोर उड्या मारणारी मुले दरवर्षी दिसतात. त्यांतली बरीच मुले खरोखर चांगली पोहणारी असतात. पण पुरातील पाणी पोहण्याच्या कौशल्याची कसोटी घेत नाही. ते माणसाला झाडात, तारेत किंवा बंधाऱ्यात नेऊन अडकवते, आणि तिथे पोहता येण्याचा काही उपयोग होत नाही.

मला विशेष सांगायचे आहे ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांबद्दल, कारण आपली मुले कयाक घेऊन लांब जाणार असतील तर पाण्यातील सर्वांत मोठा धोका हाच आहे. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ हे बंधारे आहेत, कृष्णेवरही सांगली आणि म्हैसाळ येथे आहेत. पावसाळ्यात रोज 'इतके बंधारे पाण्याखाली' अशी बातमी येते, ती वाहतुकीसाठी असते. नदीत उतरणाऱ्याने तिचा वेगळा अर्थ घ्यावा. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तेव्हा खालच्या अंगाला पाणी पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे वळते आणि तिथे गेलेली वस्तू फिरत राहते. लाकडाचा ओंडका तासन्‌तास एकाच जागी गरगरताना आपण पाहिला असेल. माणूस त्यात सापडला तर जीवरक्षक जॅकेट असूनही बाहेर पडणे कठीण जाते, कारण फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते माणसाला नीट उचलून धरत नाही. वरून येणाऱ्याला हे सारे दिसत नाही. त्याला पुढे फक्त पाण्याची सपाट रेघ दिसते.

उलट, पाणी बंधाऱ्याच्या माथ्यापेक्षा खाली असते तेव्हा धोका वरच्या अंगाला असतो. काही गाळ्यांतील (खांबांमधल्या मोकळ्या जागांतील) बरगे, म्हणजे पाणी अडवण्यासाठी बसवायच्या फळ्या, काढलेले आणि काहींत बसवलेले असतील तर मोकळ्या गाळ्याकडे पाणी खेचले जाते आणि ती ओढ जवळ जाईपर्यंत कळत नाही. आमच्याकडे शिकवणारी जुनी मंडळी बंधाऱ्याच्या वर मोठे अंतर सोडूनच मुलांना पाण्यात नेतात. आपणही नकाशावर प्रत्येक बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला काठावर बाहेर पडण्याची एक पक्की जागा ठरवा आणि त्या जागेच्या पुढे पाण्यातून कोणीही जाणार नाही, हा नियम पातळी कितीही असली तरी पाळा.

राधानगरी धरणाची एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. त्याला कोणाच्या आदेशाची गरज नसते, त्यामुळे ते रात्री किंवा पहाटेही उघडतात. भोगावती आणि पंचगंगेत उतरणाऱ्याने धरण किती टक्के भरले आहे हे आदल्या संध्याकाळी पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. विसर्गाची बातमी येईपर्यंत दरवाजा उघडून गेलेला असतो.

कुंडलिका तीर (कोलाड)

मी कुंडलिकेवर राफ्टिंगच्या क्षेत्रात काम करतो. आमची नदी याच्या अगदी उलट उदाहरण आहे, म्हणून लिहितो. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथे वीजनिर्मितीसाठी येते आणि तिथून पुढे ते कुंडलिकेत सोडले जाते. रावळजे परिसरातून सुरू होणारे राफ्टिंग याच पाण्यावर चालते. विसर्ग सकाळी सुटतो, काही तास नदी खळाळून वाहते आणि मग पाणी उतरते. या विसर्गाची वेळ आणि मात्रा वीजनिर्मितीनुसार ठरते, पर्यटकांच्या सोयीनुसार नाही. पाऊस नसतानाही नदी चढते, आकाश निरभ्र असतानाही चढते, आणि काठावर कपडे धुणाऱ्या किंवा पात्रातील खडकावर बसलेल्या माणसाला वर काही घडल्याची कोणतीही खूण दिसत नाही.

म्हणून धरणाखालच्या कोणत्याही नदीत उतरणाऱ्यांनी हवामानाच्या अंदाजावर विसंबू नये, एवढे कळकळीने सांगतो. ८ जून २०१४ रोजी हिमाचलमधील बियास नदीत हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील २४ विद्यार्थी वाहून गेले, ते लारजी प्रकल्पातून अचानक सोडलेल्या पाण्यामुळे. ती मुले पोहायलाही उतरलेली नव्हती, पात्रातील खडकांवर छायाचित्रे काढत होती.

आम्ही पाळतो त्या सवयींपैकी दोन आपल्याला उपयोगी पडतील. पहिली अशी की पाण्याच्या काठावर दगड किंवा काठी रोवून तिच्यावर एक माणूस लक्ष ठेवतो. खूण बुडू लागली किंवा स्वच्छ पाण्यात अचानक पालापाचोळा आणि फेस येऊ लागला, तर कारण शोधत न बसता सगळे बाहेर येतात. दुसरी अशी की पात्राच्या मधल्या बेटावर किंवा खडकावर विश्रांतीसाठी थांबत नाही. थांबायचे तर ज्या काठाने परत जायचे आहे त्याच काठावर थांबतो. पावसाळ्यात डोलवहाळ बंधाऱ्याजवळची कुंडलिकेची पातळीही आम्ही पाहतो, तिथे धोका पातळी २३.९५ मीटर आहे. पण निर्णय त्याच्या फार आधी घेतलेला असतो, कारण स्थानिक ओढ्यांचे पाणी विसर्गात मिसळू लागले की नदीचा स्वभाव तासाभरात बदलतो.

कृष्णाकाठ (सांगली)

तिघांचेही मनापासून आभार. वारणेच्या फुगवट्याचे स्पष्टीकरण वाचून गेल्या हंगामातील माझ्या बऱ्याच नोंदींचा उलगडा झाला. आता आम्ही असे ठरवत आहोत : घाटाच्या पायऱ्यांवर आमची स्वतःची खूण करायची, रोज उतरण्याआधी आयर्विन, समडोळी आणि आदल्या दिवशीचा कोयनेचा विसर्ग लिहायचा, आणि धारेचा वेगही मोजायचा. वेग मोजण्याची साधी पद्धत कोणती, आणि किती वेगाला थांबावे? तसेच पावसाळा संपल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरनंतर, या नोंदींची गरज उरते का? आमच्या गटात त्यावर मतभेद आहेत.

भिलवडीकर

पावसाळ्यानंतरही गरज उरते, पण वेगळ्या कारणासाठीही. भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात मगरी आहेत, हे आपल्याला ठाऊक असेलच. थंडीत त्या उन्हासाठी काठावर येतात आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या) काठांवर व वाळूवर दिसतात. आपल्या वहीत मगर दिसल्याची जागा आणि वेळ यांचाही रकाना ठेवावा आणि ती माहिती वन विभागाला कळवावी. मुलांना संध्याकाळी आणि पहाटे अंधारात पाण्यात नेऊ नये.

निवृत्त जलमापक

वेग मोजण्यासाठी काठाला समांतर ३० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. वरच्या खुंटीच्या थोडे आधी धारेत संत्रे किंवा सोललेला नारळ टाका. तो पाण्यात बराचसा बुडून तरंगतो, त्यामुळे वाऱ्याचा परिणाम कमी होतो. दोन खुंट्यांमधले अंतर पार करायला त्याला किती सेकंद लागतात ते पाहा. तीन-चार वेळा, धारेच्या वेगवेगळ्या भागांत करा आणि सर्वांत जास्त वेग धरा. विसर्ग काढायचा असता तर पृष्ठभागाच्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणून सरासरी घेतली असती. आपल्याला मात्र माणूस वाहून जाईल तो पृष्ठभागावरच, म्हणून गुणू नका.

तीस मीटरला तीस सेकंद म्हणजे सेकंदाला एक मीटर. नियमित पोहणाऱ्या सामान्य माणसाचा वेगही जेमतेम तेवढाच असतो आणि तो फार वेळ टिकत नाही. म्हणजे त्या वेगाला तो धारेविरुद्ध परत येऊ शकणार नाही. पोहणाऱ्यांसाठी मर्यादा याच्या निम्म्यावर, म्हणजे तीस मीटरला साठ सेकंदांवर ठेवावी असे माझे मत आहे. नवशिक्यांसाठी त्याहूनही कमी. कयाकला थोडी अधिक मुभा देता येईल, पण कयाक उलटल्यावर तो चालवणारा पोहणाराच होतो, हे विसरू नये. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. उभ्याने पाणी ओलांडणाऱ्यासाठी खोली आणि वेग यांचा गुणाकार पाहतात : मीटरमधील खोली गुणिले सेकंदाला मीटरमधील वेग हा आकडा प्रौढांसाठी ०.६ आणि लहान मुलांसाठी ०.४च्या वर गेला की तोल जाण्याचा धोका मानला जातो. गुडघाभर पाण्यातही माणसे वाहून जातात ती यामुळेच.

ऑक्टोबरनंतरच्या मतभेदाबद्दल : नोंदी चालू ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. बंधाऱ्यांत बरगे घातल्यावर नदी तळ्यांच्या साखळीसारखी होते आणि घाटावरची पातळी पावसाऐवजी माणसांच्या निर्णयांवर हलते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पंप सुरू झाले की पातळी एका बाजूने उतरते, कोयनेतून सिंचनासाठी पाणी आले की चढते आणि बरगे काढले की काही तासांत शांत डोहाला धार येते. हिवाळ्यात पाणी स्वच्छ व स्थिर दिसत असल्यामुळे माणसे निश्चिंत होतात, म्हणूनच हा बदल अधिक धोक्याचा असतो. बरगे कधी घालणार आणि कधी काढणार, हे पाटबंधारे विभागाच्या स्थानिक शाखेत विचारून ठेवावे. दुसरे म्हणजे, प्रवाह फार कमी झाला की शेरी नाल्यातून येणारे सांडपाणी पातळ होत नाही. पातळी स्थिर आणि वेग शून्याजवळ असेल तर बुडण्याचा धोका कमी असला तरी ते पाणी पोहण्यायोग्य असेलच असे नाही. नाल्याच्या मुखाच्या वरच्या अंगाला जाऊनच उतरावे.

केंद्रीय जल आयोगाचे 'फ्लडवॉच इंडिया' हे ॲप २०२३ मध्ये आले आहे, ते गटातील सर्वांच्या फोनवर असावे. पावसाळ्यात पातळीची नोंद दर तासाला होते, त्यामुळे पहाटेचे सलग तीन आकडे पाहिले की दिशा कळते. तिन्ही चढते असतील तर त्या दिवशी घाटावरूनच परत फिरावे, मग वेग कितीही कमी असो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे दोन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

घाटावरची खूण तैलरंगाने करा आणि ती आयर्विनच्या पट्टीशी एकदा शांत पाण्यात, फुगवटा नसताना, जुळवून घ्या. नोंदींत वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी, म्हणजे समडोळीच्या तासागणिक आकड्यांशी ताडता येते. पहिल्या महिन्याच्या नोंदी इथे टाकल्यात तर वारणेचे पाणी चढल्यापासून घाटावर फुगवटा जाणवायला किती वेळ लागतो, हे मी त्यांवरून काढून देईन.